तुझ्या नावापुढचं शून्य

किसन, तुझ्या दहाव्याला मी खोटं बोललो.

मोशीच्या घाटावर विधी आटोपले होते. माणसं हातपाय धुऊन पायऱ्या चढत होती आणि तुझा थोरला भाऊ एकेकाला चहासाठी थांबवत होता. तेवढ्यात हौसावहिनी बायकांमधून उठल्या आणि सरळ माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. एवढ्या पुरुषमाणसांत त्या एरवी अशा आल्या नसत्या.

"भाऊ, तुमी त्यांच्या संगं पंधरा वर्सं हुता. खरं सांगा. त्या गोळीनं गेलं का हे?"

तुझा भाऊ मध्ये पडला. "अगं, डॉक्टरनं कागदावर लिवून दिलंय न्हवं? कामाचा काय संबंध न्हाई म्हून."

"मी डॉक्टरला न्हाई इचारत. ह्यास्नी इचारतीय."

मी म्हणालो, "वहिनी, डॉक्टर म्हणाले तेच खरं. सगळे रिपोर्ट चांगले होते."

 मग पदर सारखा करून त्या परत बायकांत जाऊन बसल्या. मी चहा न घेता निघालो. मोशीहून भोसरीपर्यंत चालत आलो. मागून बस येत होत्या, एकीलाही हात केला नाही.

कारखान्यातल्या कामगार मंडळाच्या अंकासाठी तुझ्यावर दोन पानं लिहून द्या, असं सेक्रेटरींनी सांगितलं आहे. तुझं गाव, तुझी नोकरीची वर्षं, तुला मिळालेलं प्रशस्तिपत्र, ते सगळं ते स्वतः लिहिणार आहेत. माझ्याकडून त्यांना आठवणी हव्यात. आठवणींना तोटा नाही. पण कुठूनही सुरुवात केली तरी मी डार्करूमच्या दाराशी येऊन थांबतो. म्हणून आता जे झालं ते झालं तसं, तुलाच सांगत लिहितो. ज्यांना वाचायचं ते वाचतील.

पासष्टच्या युद्धानंतरच्या उन्हाळ्यात आपली गाठ पडली. तू तेव्हा आपल्या ओतकामाच्या कारखान्यात फेटलिंगला होतास. साच्यातून निघालेल्या ओतीव भागाचे, म्हणजे कास्टिंगचे, वाढलेले तुकडे तोडायचे, मग ग्राइंडरनं घासायचं. दिवसभर तिथं काळी धूळ उडायची आणि माणसांचे फक्त डोळे दिसायचे. मी डिप्लोमा झालेला, मुंबईला सहा आठवड्यांचं शिक्षण घेऊन आलेला आणि डोक्यात हवा गेलेला. माझ्याबरोबर एक शिशाचा डबा आला होता. उचलायला चार माणसं लागत आणि आत जोंधळ्याच्या दाण्याएवढी इरिडियमची गोळी होती. अणुभट्टीत ठेवून तिच्यात किरण भरलेले. बोटभर काय, हाताच्या पंजाएवढ्या जाड पोलादातून ते किरण पलीकडे जायचे आणि पलीकडे ठेवलेल्या फिल्मवर त्या पोलादाच्या पोटात काय आहे ते उमटायचं. आपण वीजकेंद्रांचे व्हॉल्व्ह ओतत होतो. त्यातून जाणारी वाफ एका पोकळीनं, एका बारीक चिरेनं माणसाचा जीव घेऊ शकली असती. देशात हे काम येणारी माणसं मोजकी होती आणि त्यांतला मी एक, असं मी येताजाता सांगत असे.

मदतनीस पाहिजे म्हटल्यावर कुणी पुढे येईना. त्या डब्याजवळ गेलं की पोरं होत नाहीत, अशी बोलवा सगळ्या शॉपमध्ये, आपल्या शेडभर, होती. फोरमननं तुला पाठवलं. मी विचारलं, "भीती नाही वाटत?"

तू म्हणालास, "मला तीन हायेत साहेब. आता न्हाई झाली तर बायकू पेढं वाटंल."

पहिली फिल्म धुऊन मी तुझ्यासमोर दिव्यावर धरली, ते अजून डोळ्यांपुढे आहे. तू तिच्यावरून बोट फिरवलंस, मग बाहेर जाऊन त्या कास्टिंगवर त्याच जागी बोट ठेवलंस, मग परत आलास. असं तीनदा केलंस. मग म्हणालास, "मंजी मी रोज घासत हुतो त्याच्या आत हे हुतं." पुढे तू मला लोकांसमोर साहेब आणि आपण दोघंच असलो की मास्तर म्हणायला लागलास. आधी चेष्टेनं म्हणायचास, मग तेच नाव पडलं.

आपलं काम गुरुवारचं. गुरुवारी कारखान्यांच्या सगळ्या पट्ट्याला वीज तोडून सुट्टी असायची, शॉप रिकामी असायची, म्हणून बिनधोक. आपण दोरी बांधायचो, तांबडी फडकी लावायचो, दांड्याच्या टोकावर गोळी बाहेर काढून कास्टिंगजवळ ठेवायचो आणि भिंतीआड जाऊन बसायचो. गोळी मुंबईहून यायची आणि अडीच महिन्यांत तिचा जोर निम्मा व्हायचा. तू तिला पाहुणा म्हणायचास. नवी आली की "पाहुणा जोरात हाय, लवकर उरका", जुनी झाली की "पाहुणा दमला, आता जेवून घ्या निवांत". त्या भिंतीआड मी तुझ्या डब्यातला खर्डा खाल्ला आणि तू माझ्या डब्यातली पोळीभाजी तोंड वाकडं करून खाल्लीस. "बामणी जेवणाला नावं न्हाई ठेवत, पर बिनतिखटाचं कुणीबी केलं तरी आजाऱ्याचंच लागतंय," असं माझ्या बायकोला तोंडावर सांगितलंस, तेही माझ्या थोरलीच्या बारशाला.

आपलं भांडण एकच होतं आणि ते शेवटपर्यंत मिटलं नाही. तू हातोड्यानं कास्टिंग वाजवून बघायचास. फेटलिंगला शिकला होतास ते. आवाज खणखणीत आला तर माल चांगला, बद्द आला तर आत काहीतरी आहे. मी हसायचो. एवढं विज्ञान इथं आणून ठेवलंय आणि हा हातोडा घेऊन फिरतोय. मग एक व्हॉल्व्हचं कास्टिंग आलं. फिल्म स्वच्छ होती. मी पास केलं. तू म्हणालास, "मास्तर, हे बद्द वाजतंय." मी म्हणालो, "फिल्मवर काही नाही." तू ऐकेनास. फोरमनच्या पाया पडून ते बाजूला ठेवायला लावलंस. शेवटी ते कापलं आणि आत वीतभर लांब चीर निघाली.

माझं तोंड उतरलेलं पाहून तू म्हणालास, "तुमच्या गोळीची चूक न्हाई. ती समोरनं बघती. चीर तिच्याकडं पाठ करून बसली हुती."

त्या दिवसापासून आपण प्रत्येक कास्टिंगचे दोन बाजूंनी फोटो काढायला लागलो. मुंबईच्या साहेबांनी त्याबद्दल माझी पाठ थोपटली. तुझं नाव सांगायचं मी ठरवलं होतं. बोलण्याच्या ओघात राहून गेलं. तुला मिळालेलं प्रशस्तिपत्र त्याचं नव्हतं, हजेरीचं होतं.

आता खिळ्यांचं सांगतो.

गोळीजवळ काम करणाऱ्या प्रत्येकाला एक बॅज असायचा. काड्यापेटीएवढा, आत फिल्मचा तुकडा, खिशाला लावायचा. अंगावर किती किरण पडले ते त्या तुकड्यावर उमटायचं. महिन्याच्या शेवटी बॅज मुंबईला जायचे आणि तिथून प्रत्येकाच्या नावापुढे आकडा लिहून यायचा. डार्करूमच्या दारालगत फळीवर चार खिळे होते. काम संपलं की बॅज तिथं अडकवायचा.

आणीबाणीच्या काळात वीजकेंद्राची मोठी ऑर्डर आली. कास्टिंगं दुप्पट झाली, माणसं तेवढीच राहिली, तू आणि मी. पूर्ण शिक्षण घेतलेले आपण दोघंच होतो. एका महिन्यात तुझा आकडा वर गेला. मुंबईहून पत्र आलं, चौकशी झाली, पुन्हा असं झालं तर या माणसाला गोळीच्या कामावरून काढा, अशी ताकीद मिळाली. वर्क्स मॅनेजरनी मला बोलावलं. म्हणाले, "दोघांतला एक गेला तर काम बंद पडेल. तुम्ही जाणते आहात, बघा काय ते." ते एवढंच म्हणाले. त्यांच्या बोलण्यात मी पुष्कळ शोधून पाहिलं, बॅजचा शब्दही नव्हता.

तो शब्द माझा. आपण डार्करूमबाहेर उभे होतो.

मी म्हणालो, "पुन्हा आकडा वर गेला तर तुला बाहेर बसवतील."

"भाईर मंजी?"

"परत फेटलिंगला."

तू हातातली ओली फिल्म झटकत राहिलास. मग म्हणालास, "मास्तर, त्या धुळीत नका धाडू परत."

तिसरा माणूस मागता आला असता. ऑर्डर लांबवा म्हणता आलं असतं. निदान निम्म्या वेळा मी दोरीच्या आत जायला हवं होतं. मी काय म्हणालो? "मग आजच्या दिवस बॅज खिळ्यालाच राहू दे."

तू बॅज अडकवलास, त्याच्यावर टिचकी मारलीस आणि म्हणालास, "बस बाबा तू सावलीला. मी येतो जाऊन." मी हसलो. किसन, मी मोठ्यानं हसलो होतो.

आजच्या दिवस म्हणता म्हणता दोन वर्षं झाली. पाहुणा नवा असला की तुझा बॅज खिळ्याला. माझा बॅज माझ्या खिशालाच असे, कारण मी बहुतेक वेळा दोरीबाहेर असायचो. माझ्या आकड्याला काही धोका नव्हता. हे लिहिताना लाज वाटते, पण न लिहिता सोडलं तर वाचणाऱ्याला वाटेल आपण दोघांनी मिळून काहीतरी धाडस केलं.

त्यातलाच एक गुरुवार. दुपारचे बारा वाजून गेले होते. तू दांडा मागे घेतलास आणि गोळी टोकावरून निसटली. कास्टिंगच्या खाली वाळूत पडली आणि तू पळत भिंतीआड आलास. भिंतीआड माझ्या हातातल्या मीटरचा काटा टोकाला जाऊन टेकला. अशा वेळी काय करायचं ते मला पाठ होतं. सगळ्यांनी बाहेर निघायचं, दार बंद करायचं, मुंबईला फोन करायचा आणि माणूसभर लांबीचा चिमटा घेऊन, सेकंद ठरवून, प्रमुखानं आत जायचं. प्रमुख मी होतो. लांब चिमटा जागेवर नव्हता. बुधवारी भट्टीवाल्यांनी काहीतरी काढायला नेला होता, मीच नेऊ दिला होता, आणि गुरुवारी स्टोअर बंद. ते कास्टिंग शुक्रवारी सकाळी ट्रकवर चढायचं होतं.

मी म्हणालो, "मी जातो."

म्हणालो आणि जागचा हललो नाही. तू ते पाहिलंस. तू म्हणालास, "तुमची बायकू दिवसांत हाय. थांबा हितंच. मोठ्यानं आकडं मोजा मंजी मला कळंल किती येळ झाला."

तू हातभर लांबीचा चिमटा घेऊन गेलास. मी मोजत राहिलो. चव्वेचाळीसला शिशाच्या डब्याचं झाकण पडल्याचा आवाज आला आणि मीटरचा काटा खाली आला.

"हातानं उचललीस का रे?"

"न्हाई. चिमट्यानं."

मग आपण जेवलो. तू नेहमीसारखा जेवलास. पंधरा दिवसांनी तुझ्या उजव्या हाताची दोन बोटं लाल झाली आणि मग त्यांची कातडी सुटली. मी विचारलं तर म्हणालास, "गरम कास्टिंगला लागली." घरीही तेच सांगितलंस. गोळीजवळचं तुझं काम गुरुवारी असायचं आणि गुरुवारी भट्टी थंड असायची. बाकीचे दिवस तू डार्करूममध्ये असायचास. गरम कास्टिंग तुला भेटणार कुठून? मला ते त्याच क्षणी कळलं होतं. मी "तेल लाव" म्हणालो.

त्या महिन्याचा रिपोर्ट आला. तुझ्या नावापुढे शून्य. त्या गुरुवारी जे झालं ते मी कुठल्याच रजिस्टरात लिहिलं नाही. धाकटी झाली तेव्हा तू मोशीहून कांद्याची पिशवी आणि तिच्यासाठी झबलं घेऊन आलास. तुझ्या बोटांवर तेव्हा नवी गुलाबी कातडी आली होती आणि तू त्याच हातानं तिला घेतलंस.

गेल्या वर्षी तुझ्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं. मग जिना चढताना धाप, मग मांडीवर काळेनिळे डाग. पुण्याच्या इस्पितळात रक्ताचा कॅन्सर निघाला. तरुण डॉक्टर होते, हुशार. तू कुठलं काम करतोस हे कळताच त्यांनी किरणांच्या सगळ्या नोंदी मागवल्या. मीच फाइल घेऊन आलो. तुझ्या खाटेशेजारी उभं राहून त्यांनी पानं उलटली. म्हणाले, "इतक्या वर्षांत एकदा थोडा आकडा वर गेलाय. बाकी सगळी शून्यं. मग याचा त्याच्याशी संबंध लावता येत नाही." आणि तसं केसपेपरवर लिहिलं.

तू जागा होतास. तू माझ्याकडे बघत होतास. डॉक्टर गेल्यावर तू बोलशील म्हणून मी वाट पाहिली. शिवी दिली असतीस तरी मी ती पदरात घेतली असती. तू विचारलंस, "पाहुणा नवा आला का?"

मी म्हणालो, "परवाच आला."

"मग जपून," तू म्हणालास आणि कूस बदललीस.

त्यानंतर अकरा आठवडे होते. दर गुरुवारी गोळीचं काम तू तयार केलेल्या पोरांवर सोपवून मी तुला भेटायला यायचो, मोसंबी आणायचो. डॉक्टरांची खोली जिन्याच्या तोंडाशीच होती. प्रत्येक वेळी तिच्यासमोरून वर गेलो आणि तिच्यासमोरूनच खाली उतरलो. मी मनाशी म्हणायचो, आता कळून उपचार थोडेच बदलणार आहेत. बहुधा ते खरंही असेल. पण मी गप्प राहिलो ते त्यासाठी नाही. आकडा खोटा आहे असं सांगितलं की तो कुणी खोटा केला हे सांगावं लागलं असतं.

मला नेमकं काय छळतं ते तुला सांगतो. मी तुला मारलं का, हे मला माहीत नाही. त्या गोळीच्या वाऱ्यालाही उभं न राहिलेल्या माणसांना हाच रोग होतो. तुला तो तसाच झाला असेल. पण ते ठरवायला जगात एकच साक्षीदार होता आणि त्याला मी खिळ्याला टांगून ठेवला. आता मी आयुष्यभर विचारत राहिलो तरी मला हो कुणी म्हणणार नाही आणि नाही कुणी म्हणणार नाही.

दहाव्यानंतर पहिला गुरुवार आला. मी शॉपमध्ये गेलो. दोरी बांधलेली होती, तांबडी फडकी लागलेली होती. तू शिकवून तयार केलेले दोघे, रफिक आणि तानाजी, आत काम करत होते. डार्करूमच्या दाराशी दोन बॅज लटकत होते, दोघांचे.

मी गोळी डब्यात घालायला लावली आणि दोघांना बाहेर बोलावलं. "बॅज कुठं आहेत तुमचे?"

तानाजी म्हणाला, "खिळ्याला हायेत की साहेब. पाहुणा नवा असला की तितंच ठेवायचे." जसं कुणी सांगावं, चपला बाहेर काढायच्या असतात.

"कुणी शिकवलं हे?"

"किसनकाकांनी. आकडा वर गेला की फेटलिंगला धाडत्यात म्हणाले."

रफिक खाली बघत होता. तो हळूच म्हणाला, "साहेब, काका म्हणत होते, ही युक्ती मास्तरांची आहे. तुम्हाला माहीत असेल असं वाटलं आम्हाला."

त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. तो असता तर बरं झालं असतं. तू त्यांना मोठ्या मानानं सांगितलं असशील, आमचे मास्तर कसे डोकेबाज म्हणून.

मी गोळी ठेवायच्या खोलीला कुलूप लावलं आणि किल्ली खिशात घातली. दुसऱ्या दिवशी वर्क्स मॅनेजरकडे गेलो. सगळं ऐकून घेतल्यावर ते म्हणाले, "अहो, गेलेल्या माणसाच्या नोंदी उकरून काय मिळणार? परवाना जाईल. शंभर घरं आहेत त्याच्यावर." मी म्हणालो, "दोन माणसं आजही आत जातायत साहेब." ते म्हणाले, "त्यांना ताकीद द्या आणि विषय संपवा. पत्रबित्र लिहायचं असेल तर कंपनीच्या कागदावर नको." मी घरच्या कागदावर लिहिलं. मुंबईला. खाली घरचा पत्ता घातला. टपालात स्वतः नेऊन टाकलं. हे शौर्य नव्हे. पाच वर्षांपूर्वी लिहिलं असतं तर त्याला काही नाव देता आलं असतं.

मग मोशीला गेलो. हौसावहिनी ओट्यावर कांदे निवडत होत्या. मी खाली पायरीवर बसलो आणि सगळं सांगितलं. खिळा, वाळूत पडलेली गोळी, बोटं, फाइल. त्यांचे हात चालूच होते. मग थांबले.

"त्यास्नी म्हाईत हुतं?"

"होतं."

"बॅज न्हाई घातला तर अंगाला काय हुतंय ते?"

"बॅजनं किरण अडत नाहीत, वहिनी. तो फक्त मोजतो."

"मंजी तुमी मोजायचंच ठेवलं न्हाई."

कांद्याची टोपली त्यांनी बाजूला सारली.

"मला का न्हाई सांगितलं त्यांनी? इतकी बोटं सोलली तवा मी लोणी लावत हुते. गरम लोखंड म्हणाले. माझ्याशी खोटं बोलायचा माणूस न्हवता तो." तू माझ्यासाठी खोटं बोललास, असं मला वाटतं. ते त्यांना सांगायची माझी हिंमत झाली नाही. आज इथं लिहिलं आहे.

"उद्या डॉक्टरकडं चला. मी येते," त्या म्हणाल्या.

आम्ही गेलो. डॉक्टरांनी सगळं ऐकलं. मग एकच विचारलं, "किती किरण असतील?" मी म्हणालो, "माहीत नाही." त्यांनी तुझा केसपेपर काढायला लावला. आधी लिहिलेल्या ओळीवर रेघ मारली आणि खाली लिहिलं की नोंदी विश्वासार्ह नाहीत, कामाशी संबंध नाकारता येत नाही. वहिनींनी ते त्यांच्याकडून मराठीत सांगून घेतलं.

"मंजी गोळीनंच गेलं?"

"तसंही सांगता येत नाही, बाई. त्यानं गेले असतील, नसतीलही."

वहिनींनी त्या कागदाची नक्कल मागून घेतली आणि घडी करून पिशवीत ठेवली.

बसस्टॉपवर त्या माझ्यापासून चार पावलं लांब उभ्या राहिल्या. बस आली. पायरीवर पाय ठेवून त्या वळल्या. आवाज चढवला नाही. "भाऊ, तुमचं नाव लई घ्यायचे ते. घरात सारखं मास्तर मास्तर. वर्षश्राद्धाला येऊ नका."

मी येणार नाही, किसन. तेवढं तरी त्यांचं ऐकेन.

मुंबईचं उत्तर आलं आहे. चौकशीला माणसं येतील. रफिक आणि तानाजीच्या रक्ताच्या तपासण्या सुरू झाल्या, अजून तरी ठीक आहेत. खोलीवर आता त्यांचं सील आहे. माझं काय करायचं ते कंपनी ठरवेल. मला एक तक्ता पाठवला आहे. तुझ्या अंगावर खरोखर किती किरण पडले असतील, ते मागे जाऊन काढायचं आहे. जुनी रजिस्टरं मी घरी आणली आहेत. कुठल्या गुरुवारी किती कास्टिंगं झाली, गोळीचा जोर त्या दिवशी किती होता, एकेक फोटोला किती मिनिटं लागली, हे सगळं त्यांत आहे. बरंचसं तुझ्याच अक्षरात. रोज संध्याकाळी जेवण झालं की मी बसतो आणि एक गुरुवार पुरा करतो.

अडतं ते एकाच रकान्यापाशी. त्यात अंतर लिहायचं आहे, गोळीपासून माणूस किती लांब होता ते. गोळीपासूनचं अंतर निम्मं झालं की किरण चौपट पडतात, त्यामुळे वीतभराच्या चुकीनं सगळा हिशेब बदलतो. मी तुला कुठं उभं राहायला शिकवलं ते मला माहीत आहे. तू कुठं उभा राहायचास ते मी पाहिलेलं नाही.

आणि त्या गुरुवारचं पान तर अजून कोरंच आहे. सेकंद माझ्याकडे आहेत, चव्वेचाळीस. चिमट्यानं किती वेळ, बोटांनी किती वेळ, छातीजवळ धरून आणलीस की हात लांब करून, हे मला ठाऊक नाही. मी भिंतीआड होतो एवढंच आजवर सगळ्यांना सांगत आलो. त्या भिंतीला आतलं बघायला जाड काचेची खिडकी होती. तिच्यातून बघायचं माझं कामच होतं. मी खिडकीकडे पाठ केली होती. तुझ्याकडे न बघता मी आकडे मोजले.

मुंबईच्या लोकांनी लिहिलं आहे की नक्की माहीत नसेल तिथं अंदाज लिहा. माझा हात तो लिहायला धजत नाही. एक फूट लिहिलं तर एक माणूस उभा राहतो, दोन फूट लिहिलं तर दुसरा, आणि त्यांतला तू कुठला, हे मी कसं लिहू?

तू सांगितल्याशिवाय मला हे पान पुरं करता येत नाही. किसन, किती लांब होतास?